त्या दुसऱ्या बाई काय म्हणाल्या होत्या

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला ठकी म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे तिची आई. आपणही तिला ठकीच म्हणू. कागदोपत्री असलेलं लांबलचक नाव तिला कायम कुणाकडून तरी उसनं आणल्यासारखं वाटायचं.

ठकी कवळ्या करायची. दातांचा डॉक्टर वेगळा आणि कवळी करणारा वेगळा, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतो. त्या मापात प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर गुलाबी मेण चढवायचं, मेणात एकेक दात रोवायचा, वरच्या-खालच्या दातांची गाठ नीट पडते का ते पाहायचं. दात नुसते पांढरे असून भागत नाही. सत्तरीच्या माणसाच्या तोंडात विशीतले दात घातले की ते दुरूनही कळतात. ठकी ते किंचित पिवळसर करायची, एखादा जरासा तिरका बसवायची. तिची कवळी घालून माणूस घरी गेला की घरच्यांना वाटायचं, याचे दात परत आले. बावीस वर्षं ती हे काम करत होती, त्यातली एकोणीस एकाच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

मग लॅब नव्या इमारतीत गेली आणि नवा मॅनेजर आला. तिथे कोपरे नव्हते. एक लांब हॉल, समोरासमोर टेबलं, आणि डोक्यावर चार स्पीकर, वातावरण खेळीमेळीचं राहावं म्हणून. दिवसभर गाणी, मधूनमधून फोन, कवळ्या घासायच्या बारा मोटारींची घरघर. स्वतःच्या हातातल्या मोटारीचं ठकीला काही वाटायचं नाही, कारण ती कधी सुरू होणार हे तिला आधी माहीत असायचं. बाकीचे आवाज कुठून कसे अंगावर येतील याचा नेम नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात तिने कानात बोळे घातले. मॅनेजरने ते काढायला लावले.

"आगीची घंटा वाजली तर ऐकू नको का यायला?"

"मग मला भिंतीकडचं टेबल द्या."

"सगळ्यांनाच भिंत हवी असते हो. भिंती चारच आहेत." तो हसला.

ठकीने हॉलभर नजर फिरवली. "सहा आहेत. हॉल काटकोनात वळलाय ना, म्हणून."

मॅनेजरचं हसू मावळलं. "वैद्यकीय कारण असेल तर कागद आणा. कागद आणलात तर बघू."

ठकीला हे रास्त वाटलं. कागद आणायचा, टेबल घ्यायचं. आपण कशात पाय घालतोय याची तिला कल्पना नव्हती.

डोकं दुखायचं म्हणून ती तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक माहितीपत्रक पडलं होतं, मोठ्या माणसांमधल्या स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल. नंबर लागेपर्यंत तिने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून हे लिहिलंय. तिसऱ्यांदा वाचताना तिला शब्दच पटेना. स्वमग्न म्हणजे स्वतःत मग्न. ती तर दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत मग्न असायची.

डॉक्टरांनी पत्रक पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही? छे हो. तुम्ही तर इतकं छान बोलता."

"छान बोलून घरी गेले की तासभर जमिनीवर पडून राहते. दिवा लावत नाही. कुणी काही विचारू नये असं वाटतं, आणि घरात विचारणारं कुणी नसतंच."

डॉक्टरांनी जरा विचार केला आणि चिठ्ठी लिहून दिली. तिथून जी वाट सुरू झाली ती संपता संपेना. चिठ्ठी ही तपासणी करणाऱ्या केंद्राकडे गेली. अकरा महिन्यांनी तारीख मिळाली. ती तारीख आदल्या दिवशी रद्द झाली, कारण तपासणाऱ्या बाई रजेवर होत्या. मधल्या काळात एकशे चाळीस प्रश्नांचं बाड घरी आलं. प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन: पूर्ण सहमत, थोडी सहमत, थोडी असहमत, पूर्ण असहमत.

'मला नव्या लोकांना भेटायला आवडतं.' ठकी वीस मिनिटं या वाक्यापुढे बसून राहिली. किती लोक? कुठे? त्यांच्याशी बोलायचंय की नुसतं त्यांचं माप घ्यायचंय? शेवटी तिने समासात लिहिलं, 'तोंड उघडं ठेवून गप्प बसणार असतील तर आवडतं.' एकशे चाळीस प्रश्न पुरे करायला तिला चार रविवार लागले. समास भरले तेव्हा तिने मागे कागद जोडले.

बाड परत आलं. सोबत चिठ्ठी होती: 'कृपया फक्त खुणा कराव्यात. बाजूला मजकूर लिहू नये.'

ठकीने नवं बाड घेतलं, डोळे मिटल्यासारखं करून खुणा केल्या आणि पाठवून दिलं. आपण खोटं बोललो असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

केंद्राची प्रतीक्षा-खोली पाहून तर तिला वाटलं, हीच परीक्षा असावी. एक ट्यूबलाइट फडफडत होती. भिंतीवर टीव्ही मोठ्याने चालू होता आणि त्याकडे कुणीही बघत नव्हतं. एक बाई आपल्या मुलीचे कान स्वतःच्या तळव्यांनी झाकून बसली होती. ठकीने काउंटरवर जाऊन टीव्ही बंद करायला सांगितलं.

"रिमोट हरवलाय," काउंटरवरची बाई म्हणाली. "आम्हालाही त्रास होतो, काय सांगू."

"प्लग काढा."

"तो कपाटाच्या मागे आहे."

ठकी जिन्यात जाऊन उभी राहिली. त्यामुळे तिचं नाव पुकारलं ते तिला ऐकू आलं नाही, आणि तिचा नंबर दोन माणसांनी मागे गेला.

मानसशास्त्रज्ञ बाई तिशीच्या होत्या, चेहऱ्याने प्रेमळ, आणि घड्याळाला बांधलेल्या. त्यांनी चित्रं दाखवली, गोष्ट सांगायला लावली, शाळेबद्दल विचारलं, एकटं वाटतं का विचारलं. ठकी नीट उत्तरं देत गेली. बाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुम्ही नजरेला नजर देऊन बोलता, नाही?"

"नाही. मी तुमचे दात बघतेय."

बाईंचं पेन थांबलं.

"वरचा डावा सुळा कॅप आहे," ठकी म्हणाली. "रंग अर्ध्या छटेने चुकलाय. डॉक्टरने दिव्याखाली निवडला असणार. खिडकीपाशी निवडायला हवा होता."

बाईंनी ओठ मिटले. उरलेला वेळ त्या हाताने तोंड झाकून बोलल्या, आणि मग कुठे बघायचं ते ठकीला समजेना. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ही नोंद मात्र बाईंनी लगेच केली.

शेवटी त्यांनी सांगितलं, "तुमच्या बालपणाची माहिती लागेल. पाच-सहा वर्षांच्या असताना तुम्ही कशा होतात हे सांगू शकेल असं कुणी आहे?"

असं एकच माणूस होतं. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती आणि ठकीला भावंडं नव्हती.

आई प्राथमिक शाळेत बाई होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी तिच्या पाठीचा ताठा आणि आवाजाची धार शाबूत होती. ठकी दर रविवारी सकाळी दहाला तिच्याकडे जायची. तिने तपासणीचं सांगितलं तेव्हा आईने चहाचा कप खाली ठेवला.

"तुला काय झालंय? धडधाकट आहेस. नोकरी करतेस, घर चालवतेस."

"मला टेबल हवंय, आई. भिंतीकडचं."

"मग तुझ्या त्या मॅनेजरशी मी बोलते."

"कागद लागतो."

आई आली, पण ठकीने खोलीत बसायचं या अटीवर. पर्स मांडीवर धरून ती खुर्चीच्या टोकाला बसली, एखाद्या पालकाला शाळेत बोलावून घ्यावं तशी.

"बोलायला कधी लागली?" मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं. आज त्यांचा हात तोंडावर नव्हता.

"वेळेवर."

"साधारण कितव्या वर्षी?"

"ज्या वर्षी मुलं बोलतात त्या वर्षी."

"मैत्रिणी होत्या?"

"होत्या की. भरपूर."

ठकीने मान वळवली. "कोण?"

"तू मध्ये बोलू नकोस, ठकी."

"त्यांना ठकी का म्हणता तुम्ही?" बाईंनी हसून विचारलं.

"लाडाचं नाव. बसवली तिथे बसायची, लाकडाच्या बाहुलीसारखी. दोन-दोन तास. शहाणी होती फार."

"हाक मारली तर बघायची?"

"बघायची." आईने पर्सची चेन उघडली आणि लावली. "म्हणजे, ऐकू नीट यायचं तिला. कान तपासून घेतले होते आम्ही."

बाईंनी ते लिहून घेतलं. "वस्तू ओळीने मांडत बसायची? बटणं, चमचे, असं काही?"

"हे त्या दुसऱ्या बाईंनीही विचारलं होतं," आई म्हणाली. आणि गप्प झाली.

मग ठकीने विचारलं, "कुठल्या दुसऱ्या बाई?"

"होत्या शाळेतल्या कुणीतरी. आता आठवत नाही. वय झालं माझं."

आईला तिच्या पहिल्या वर्गातल्या अडतीस मुलांचे हजेरी क्रमांक पाठ होते. ठकीने हे मानसशास्त्रज्ञ बाईंना सांगितलं. आई उठून उभी राहिली. "माझं सांगून झालंय," ती म्हणाली, आणि दार उघडून थेट बाहेर.

दीड महिन्याने पत्र आलं. काही लक्षणं दिसतात. परंतु बालपणाची माहिती अपुरी आणि विसंगत असल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. ठकीने केंद्रात फोन लावला. पाऊण तास सनईसारखं काहीतरी ऐकल्यावर काउंटरवरच्या बाईने सांगितलं, आईची मुलाखत पुन्हा घेता येईल, चार महिन्यांनंतरची तारीख आहे. सोडलीत तर फाइल बंद होईल.

"आणि फाइल बंद झाली तर?"

"मग पहिल्यापासून. चिठ्ठी, बाड, सगळं."

ठकीने फोन ठेवला आणि भिंतीवर तळहात दाबून उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण शेजाऱ्यांनी विचारलं असतं. चौदा महिने ती एका टेबलासाठी झगडत होती. मधल्या काळात तिच्या हातून दोन कवळ्या बिघडल्या होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा एका माणसाने कवळी परत पाठवली होती, चावताना टोचते म्हणून.

त्या रविवारी ती दहाला आईकडे गेली, चहा झाला, आणि तिने विचारलं, "त्या दुसऱ्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

"कुठल्या बाई? सोड तो विषय."

ठकीने सोडला. पुढच्या रविवारी, चहा झाल्यावर, त्याच शब्दांत पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. आई चिडली, रडली, एकदा दार लावून आतल्या खोलीत बसली. ठकी ना चिडली ना समजूत घालत बसली. ती फक्त पुढच्या रविवारी यायची.

सातव्या रविवारी आई म्हणाली, "तू थकत नाहीस का गं?"

"थकते. पण याने नाही."

आठव्या रविवारी आईने चहा केलाच नाही. ठकी आत आली तेव्हा ती टेबलाशी बसून होती.

"तू सहा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आमच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं, हिला कुणालातरी दाखवा. मी त्याच शाळेत शिकवत होते. माझ्याच शाळेत मला असं सांगितलं. मग तुझ्या बाबांना न सांगता मी तुला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथे एक बाई होत्या, जाड भिंगाच्या. तू त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या लांबीप्रमाणे लावत बसलीस. त्यांनी तासभर तुला पाहिलं आणि एक पान लिहून दिलं."

"काय लिहिलं होतं?"

"ऑटिझम. शब्द तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, ही आपणहून कुणाशी बोलायला शिकेल असं वाटत नाही, वेगळ्या शाळेत घाला. आणि म्हणाल्या, तुम्ही तरुण आहात, दुसऱ्या मुलाचा विचार करा." आईने टेबलावरचे नसलेले कण झटकले. "जशी काही तू बिघडलेली शिलाई होतीस. उसवा आणि नवं शिवा."

"ते पान कुठे आहे?"

"बसथांब्यावरच फाडलं. तू बाकावर बसली होतीस."

ठकीला तो बाक आठवत नव्हता. "मग?"

"मग काय? मी शिक्षिका होते. मला मुलांना शिकवता येत होतं. आपला सराव आठवतो ना तुला? रोज संध्याकाळी?"

सराव तिला चांगलाच आठवत होता. पाढे झाले की सराव. आई समोर बसायची आणि वेगवेगळ्या माणसांची सोंगं घ्यायची. मी शेजारच्या काकू. कशी आहेस बाळ? बरी आहे, काकू, तुम्ही कशा आहात? कपाळाकडे बघ, डोळ्यांत नाही जमत तर कपाळाकडे. आता हस. दात नको दाखवू इतके. पुन्हा. कुणी रडत असलं तर काय विचारायचं, कुणी विनोद सांगितला तर किती वेळ हसायचं. पाच वर्षं, रविवार सोडून रोज. सगळ्या घरांत संध्याकाळी हेच चालतं अशी तिची समजूत होती. पुढे कधीतरी तिला वाटलं होतं, आई शिक्षिका आहे म्हणून जरा जास्त चालत असेल.

"तू बोलायला लागलीस," आई म्हणाली. "नोकरीला लागलीस. त्या बाई तोंडावर पडल्या. मी तुझं काय वाईट केलं, सांग."

ठकी एका सुरात बोलत गेली.

"मला वाटायचं, सगळेच इतके दमतात. दुकानात जाऊन आलं, कुणाशी चार वाक्यं बोललं, की सगळ्यांनाच जमिनीवर पडावंसं वाटतं, पण बाकीचे लोक सोसतात आणि मी आळशी आहे. अडतीस वर्षं मला तसं वाटत होतं. तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस."

"तू कधी बोललीसच नाही त्रास होतो म्हणून."

"तूच शिकवलंस ना. कुणी विचारलं तर बरी आहे म्हणायचं."

ठकीने पिशवी उचलली. दारात ती म्हणाली, "मुलाखतीची तारीख दोन महिन्यांवर आहे. मी पुढच्या रविवारी येणार नाही."

ती पुढच्या रविवारी गेली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. दहा वाजले की तिला घरात चैन पडायचं नाही. ती उठून कपाट लावायची, लावलेलं पुन्हा लावायची. आईची बाजू तिला कळत नव्हती असं नाही. कळत होती, म्हणून राग कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं. आई दुष्ट असती तर सोपं गेलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी भर दुपारी, आई लॅबमध्ये आली. आधी कळवलं नव्हतं. ती हॉलच्या दारात उभी राहिली. स्पीकरवर कुणीतरी प्रेमात पडल्याचं गाणं चाललं होतं, पलीकडच्या टेबलावर दोघंजण त्याच्या वरताण बोलत होते, फोन वाजत होता. ठकी मेणात दात बसवत होती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते, जबडा आवळलेला होता आणि दर थोड्या वेळाने तिचा हात थांबत होता, जणू कुणी मागून धक्का देत होतं. आई पाच मिनिटं तशीच पाहत उभी राहिली. मग मॅनेजर तिच्याकडे आला, आपण कोण विचारायला.

"ते बंद करा," आईने स्पीकरकडे बोट दाखवून सांगितलं.

हा आवाज चाळीस मुलांच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाण्यासाठी घडवलेला होता. मॅनेजरने काही विचार करायच्या आत जाऊन गाणी बंद केली. पलीकडचे दोघंही गप्प झाले. एकाने तर हातातला डबा टेबलाखाली सरकवला.

आई ठकीच्या टेबलापाशी आली. अर्ध्या बसवलेल्या दातांकडे पाहत तिने विचारलं, "रोज असंच असतं?"

"रोज."

"घरी येऊन कधी बोलली नाहीस." तिने लगेच स्वतःच हात हलवून ते वाक्य बाजूला सारलं. "तारीख कोणती आहे ती?"

ठकीने तारीख सांगितली. आईने ती पर्समधल्या डायरीत लिहिली आणि आली तशी गेली. ती जिना उतरली असेल-नसेल तोवर गाणी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या मुलाखतीला आईने कसलीच अट घातली नाही. दीड तास ती बोलत होती. टाचण्या, बसथांबा, मुख्याध्यापिका, सराव, कोणत्या वर्षी कोणतं वाक्य जमलं, सगळं क्रमाने, तारखांसकट. फॉर्मवरच्या एका प्रश्नाची रचना चुकीची आहे, त्यातून दोन अर्थ निघतात, हेही तिने सांगितलं. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, वेळ संपली. आई म्हणाली, "माझी अजून चौथी इयत्ता राहिली आहे," आणि चौथी पुरी करूनच उठली.

अहवाल अडीच महिन्यांनी आला. निदान झालं होतं. पण त्यात ठकीचा व्यवसाय 'दंतवैद्य' लिहिला होता आणि आईचा 'परिचारिका'. ठकीने चुकांची यादी करून परत पाठवला. सुधारलेल्या प्रतीत व्यवसाय बरोबर आला, जन्मसाल चुकलं. तिसरी प्रत बरोबर होती. ती घेऊन ठकी रविवारी दहाला आईकडे गेली.

आईने चष्मा लावून चारही पानं वाचली, पेपर तपासायची सवय असल्यासारखं एकेका ओळीवर बोट ठेवून. तिसऱ्या पानावर तिचं बोट अडलं. तिथे लिहिलं होतं: 'मातेने बालपणी करून घेतलेल्या प्रदीर्घ सरावामुळे लक्षणे झाकली गेली.'

"हे चांगलं म्हणून लिहिलंय की वाईट म्हणून?" तिने विचारलं.

"त्यांनी नुसतं लिहिलंय."

"तुला काय वाटतं?"

ठकीने खरंच विचार केला. "मला अजून राग येतो. आणि सराव नसता तर मला लॅबमध्ये कुणी घेतलं नसतं. दोन्ही आहे. एकाने दुसरं कमी होत नाही."

आईने मान हलवली. पटलं म्हणून, की ऐकलं म्हणून, ते ठकीला कळलं नाही. तिने तसं विचारलं. "ऐकलं म्हणून," आई म्हणाली. "पटायला वेळ लागेल."

सोमवारी ठकीने अहवाल मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने पहिलं पान वाचलं, शेवटचं पाहिलं. "यात निदान आहे," तो म्हणाला. "भिंतीचं काही नाही यात. काय सोय द्यायची ते त्यांनी लिहून द्यायला हवं."

ठकीने पुन्हा केंद्रात फोन लावला, पुन्हा ती सनई ऐकली. तीन आठवड्यांनी एका ओळीचं पत्र आलं. मग मॅनेजरचा नाइलाज झाला. टेबल हलवायला दोन माणसांना सात मिनिटं लागली. ठकीने घड्याळ लावून पाहिलं होतं. तेवीस महिने आणि सात मिनिटं.

भिंत मिळाली, बोळे घालायची परवानगी मिळाली, आगीच्या घंटेसाठी टेबलावर एक लाल दिवा बसवला. स्पीकर तसेच राहिले. वर मॅनेजरने एक फॉर्म पुढे केला.

"ही सोय एक वर्षापुरती आहे. दर वर्षी नवा कागद लागेल."

"हे जन्मापासून आहे," ठकी म्हणाली. "पुढच्या वर्षीही असणार."

"मला कळतं हो. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

ठकीने फॉर्म वाचला. समासात लिहायला भरपूर जागा होती. तिने तिथे बारीक अक्षरात लिहिलं, 'कायमस्वरूपी', त्याखाली सही केली, आणि मॅनेजर ते वाचेपर्यंत न थांबता आपल्या टेबलाकडे गेली. खालच्या जबड्याची एक कवळी सकाळपासून खोळंबली होती, ज्याला चावताना टोचायचं त्याच माणसाने पुन्हा परत पाठवलेली. तिने बोळे घातले, साचा उजेडाकडे धरला आणि कुठे टोचत असेल ते शोधायला लागली.